फोंड्याहून लोफोटेन, त्या हिरव्या उजेडासाठी

मे 2024 मध्ये मोठं सौर वादळ आलं तेव्हा लडाखच्या हान्लेतून ध्रुवीय प्रकाशाने (अरोराने) लाल झालेल्या आकाशाचे फोटो आलेले आठवतात? ते बाबांनी फोंड्यातल्या आमच्या बाल्कनीत बसून मला दाखवले आणि म्हणाले, बाय, हे एकदा डोळ्यांनी बघून ये.

मग पुढच्या मार्चमध्ये (विषुवदिनाच्या आसपास हा प्रकाश जास्त दिसतो म्हणून) ताई आणि मी उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोला उतरलो, गाडी भाड्याने घेतली आणि लोफोटेन बेटांकडे निघालो, चारशेच्या वर किलोमीटर, ई-10 रस्त्याला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला बर्फाचे सुळके, ताईला तर सारखं थांबायचंच होतं.

पहिल्या दोन रात्री नुसते ढग. सगळे केपी आकडा (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सांगणारा, 0 ते 9) बघत बसतात पण तिथे केपी 2 पण पुरतो, खरं बघायचं ते ढगांचं, आकाश मोकळं असेल तिथे गाडी न्यायची.

तिसऱ्या रात्री स्वोल्व्हेरच्या पुढे थांबलो. आधी वाटलं राखाडी ढगच आहे, मग तो हलला, हिरवा झाला आणि दोरीवर वाळत घातलेलं लुगडं वाऱ्याने फडफडावं तसा डोक्यावर पसरला. शंभरेक किलोमीटर वर ऑक्सिजन चमकतो तो हा हिरवा.

बाबांना व्हिडिओ कॉल लावला. फोंड्यात पहाटेचे चार वाजले होते, ते जागेच होते. काहीच बोलले नाहीत, मागे कोंबडा आरवत होता तेवढं ऐकू आलं.