कोयनेच्या अवजलामागे दाभोळपर्यंत

माझ्या मामांचे मूळ गाव पाटण तालुक्यातले, आणि ते आज कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या तळाशी आहे. गाव सोडले तेव्हा मामा नऊ वर्षांचे होते. एप्रिलच्या अखेरीस साताऱ्यात आमच्या घरी आले असताना त्यांनी जेवता जेवता विचारले, "आमच्या गावावरनं जाणारं पाणी शेवटी जातं कुठं, ते बघायचं राहिलंय. नेशील का?" दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही उंब्रजमार्गे पाटणकडे निघालो.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे वाहत येते, हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. तिच्यावर सोडून दिले असते, तर तिचा प्रत्येक थेंब आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळाला असता. माणसाने धरण बांधून तिच्या पाण्याचा मोठा वाटा सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवला. जलाशयाची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि त्यातले ६७.५ टीएमसी पाणी दरवर्षी पश्चिमेकडे वळवण्यास कृष्णा पाणीतंटा लवादाने परवानगी दिली आहे. हे पाणी बोगद्यांतून कोकणाच्या अंगाला उतरते, जनित्रे फिरवते, कोळकेवाडीच्या धरणात जमा होते, तिथे पुन्हा वीज देते आणि मग कालव्याने वाशिष्ठी नदीत जाते. वीज काढून झाल्यावर उरलेल्या या पाण्याला इकडे 'अवजल' म्हणतात. एवढ्या मोठ्या प्रवाहाला उरलेसुरले समजणारा हा शब्द मला त्या दिवसापासून खटकतो.

कोयनानगरला आम्ही फार थांबलो नाही. जलाशयाच्या काठी मामा काही वेळ उभे राहिले, एका दिशेला हात करून "तिकडं" एवढेच म्हणाले आणि गाडीत येऊन बसले. कुंभार्ली घाट उतरताना झाडी, हवा आणि घरांची छपरे सगळेच बदलत जाते. उन्हाळ्याच्या अखेरीस कोकणातल्या बहुतेक नद्यांच्या पात्रात दगड उघडे पडलेले असतात, चिपळूणजवळ वाशिष्ठी मात्र भरलेली होती. पुलावर गाडी थांबवून मामांनी ते पाणी बराच वेळ पाहिले.

चिपळूणपासून जवळच, गोवळकोटच्या धक्क्याशी, भोई समाजातले एक वयस्कर गृहस्थ पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, वाळत घालत होते. आम्ही घाटावरून आलो असे कळल्यावर त्यांनी स्वतःहूनच अवजलाचा विषय काढला. वीजघर चालू असले की पाण्याला वेगळीच ओढ लागते, बंद असले की खाडी आपल्या भरती-ओहोटीच्या चालीने वागते, आणि जाळे कधी टाकायचे हे ठरवण्यासाठी आता चंद्राबरोबर विजेचाही अंदाज बांधावा लागतो, असे ते सांगत होते.

त्यांच्या बोलण्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. खाडी म्हणजे गोड्या आणि खाऱ्या पाण्याचा रोजचा करार असतो. गोडे पाणी हलके असल्याने वरून सरकते, खारे जड असल्याने तळाशी राहते, आणि भरतीबरोबर ही सीमा मैलोगणती मागेपुढे होते. बोय, शिंगाळा, काळुंदर, जिताडा, कोळंबी आणि चिंबोरी या सगळ्यांची जागा त्या सीमेनुसार ठरते. उष्ण प्रदेशातल्या या किनाऱ्यावर पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा यायचा आणि उन्हाळ्यात समुद्राने खाडीत खोलवर शिरायचे, हा क्रम हजारो वर्षांचा आहे. वाशिष्ठीत आता भर उन्हाळ्यातही गोडे पाणी उतरते, आणि कोयनेची वीज मुख्यतः मागणी वाढेल त्या वेळेसाठी राखलेली असल्यामुळे ते दिवसभर एका लयीत येत नाही. चिपळूण परिसरातल्या माणसांना या पाण्याचा उपयोग आहे हे मी नाकारत नाही. परंतु कोयनेच्या पाण्याचा हिशेब वाचताना मला सिंचन आणि वीज हे दोन रकाने नेहमी दिसतात. खाडीचा रकाना मी आजवर पाहिलेला नाही, तसाच दूर पूर्वेला कृष्णेच्या मुखाशी असलेल्या खारफुटीचाही पाहिलेला नाही. एका किनाऱ्याचे पाणी दुसऱ्याला दिले, आणि विचारले दोघांनाही नाही.

पुढे गुहागरच्या रस्त्याने धोपाव्याकडे जाताना खाडी रुंद होत जाते आणि कडेला खारफुटी दाट दिसू लागते. तिवराची श्वासमुळे चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात, कांदळाची मुळे कमानीसारखी पाण्यात उतरतात. यांची गळलेली पाने कुजून चिखलातल्या जिवांचे अन्न होतात आणि मुळांच्या जाळीत कोळंबी व माशांची पिल्ले मोठी होऊन मग समुद्रात जातात. त्यामुळे खारफुटी तोडणे म्हणजे उद्याची मासळी आज तोडणे होय. महाराष्ट्राने २०२० साली पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा दर्जा दिला, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र झाड राखले आणि त्याच्या मुळाशी येणारे पाणी बिघडू दिले, तर राखणे अर्धेच राहते. खाडीच्या वरच्या अंगाला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे आणि मेलेल्या माशांच्या आठवणी या काठावर कोणालाही विचारल्या तरी ऐकायला मिळतात.

धोपाव्याच्या धक्क्याजवळ एक बाई तिसऱ्यांचे, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचे, वाटे लावून बसल्या होत्या. मामांनी विचारले, "ताई, या कुठनं आणता?" त्यांनी खाडीच्या मुखाकडे हात केला. "माझी सासू इथून वर जायची, आम्ही खाली जातो. तिसऱ्यांना खारं पाणी लागतं." मामा जरा घुटमळले आणि म्हणाले, "ते गोडं पाणी आमच्या गावावरनं येतं. गाव बुडालं आमचं त्यात." बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिले. "मग बाबा, तुमचं पण गेलं आणि आमचं पण सरकलं," असे म्हणून त्यांनी वाट्यावर आणखी एक मूठ तिसऱ्या टाकल्या आणि तिचे पैसे घेतले नाहीत.

फेरीबोटीने आम्ही दाभोळला उतरलो. बंदरात नौका लागलेल्या होत्या आणि बोलण्यात १ जूनचा विषय होता, कारण त्या दिवसापासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. पूर्वी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावरच होड्या लोटत, त्या रिवाजाचेच हे कायद्यातले रूप मला वाटते. थंड समुद्रांत एकाच जातीचे प्रचंड थवे असतात आणि तिथे प्रत्येक जातीचा कोटा ठरवून देता येतो. आपल्याकडे एका ओढीत पंचवीस-तीस जातींचे मासे एकत्र येतात, तेव्हा जाळ्याने कोणाला सोडावे हे कागदावर ठरवून भागत नाही. येथे उपयोगी पडते ते विणीच्या हंगामात थांबणे, पिल्ले निसटतील एवढी जाळ्याची आस, म्हणजे विणीतली भोके, मोठी ठेवणे आणि काही जागा हात न लावता सोडणे. प्रखर एलईडी दिव्यांनी मासळी गोळा करून पकडण्यावर केंद्राने २०१७ सालीच बंदी घातली आहे, तरीही रात्री दूरवर तो उजेड दिसतो, अशी तक्रार बंदरावर दोघांनी वेगवेगळी केली. नियम पाळणारा छोटा मच्छीमार रिकाम्या हाताने परततो आणि मोडणारा भरून येतो, ही स्थिती पुढच्या नियमावरचाही विश्वास घालवते. गस्त घालायची, तर ती बंदरातल्या माणसांना सोबत घेऊनच घालावी लागेल, कारण कोणती नौका कुठे गेली हे त्यांना आधी कळते.

आपण साताऱ्याचे लोकही या साखळीबाहेर नाही. आमच्या आठवडी बाजारात जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, आणि सुकट मापाने विकली जाते. तो जवळा समुद्रात कितीतरी मोठ्या माशांचे खाणे असतो, हे मला दाभोळला समजले. पापलेट २०२३ साली राज्यमासा झाला, पण हाताच्या पंजाहून लहान पापलेट स्वस्त मिळते म्हणून आपण घेतोच. घाटावरच्या गिऱ्हाईकाने ते नाकारले, तर बंदरावरच्या लिलावात त्याला भाव उरणार नाही.

परतताना कुंभार्ली घाट चढेपर्यंत अंधार पडला होता आणि खाली कोकणातल्या गावांचे दिवे एकेक करून लागत होते. मामांनी घड्याळ पाहिले. "सगळीकडं दिवे लागायची वेळ," ते म्हणाले, "आता वीजघर जोरात असंल. गोवळकोटच्या त्या बाबांनी पाग टाकला नसावा म्हणजे झालं."