घनसाळबद्दल विचारलं तर उत्तर आजऱ्यातून यावं

आजरा घनसाळ तांदळाविषयी एआयला काही विचारलं, की उत्तराखाली स्रोत म्हणून बहुतेक वेळा तांदूळ विकणाऱ्यांची पानं दिसायची. त्या पानांवर घनसाळ, आंबेमोहर आणि इंद्रायणी या तिघांनाही सरसकट ‘पारंपरिक सुवासिक तांदूळ’ म्हटलेलं असतं, आणि एआय तेच गोड भाषेत परत सांगायचं. प्रत्यक्षात इंद्रायणी हा अलीकडचा सुधारित वाण आहे. मी मूळची आजरा तालुक्यातली. दादा अजून घनसाळ लावतो, मी कोल्हापुरात राहून आमच्या भागातल्या भाताच्या वाणांची मराठी वेबसाइट सांभाळते. दादाला हे दाखवलं तेव्हा तो म्हणाला, “त्या मशीनला आमच्या भाताचं सांगणार कोण? तूच सांग की.” त्या दिवसापासून मी हे काम मनावर घेतलं. त्यातून जे कळलं ते इथं लिहून ठेवते, कारण मराठीत स्वतःची साइट चालवणाऱ्या बऱ्याच जणांना ते उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे पान यंत्रापर्यंत पोचतं का, ते बघणं. मी होस्टिंगच्या पॅनेलमधून सर्व्हरचा लॉग, म्हणजे साइटवर कोण कधी आलं याची नोंदवही, काढला. चॅटजीपीटी बनवणाऱ्या एकट्या ओपनएआयचेच निदान तीन निरनिराळे बॉट, म्हणजे आपोआप पानं वाचत फिरणारे प्रोग्रॅम, असतात: जीपीटीबॉट मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी मजकूर गोळा करतो, ओएआय-सर्चबॉट शोधासाठी पानांची नोंद घेतो आणि चॅटजीपीटी-यूजर हा कुणी प्रश्न विचारला की त्या क्षणी पान उघडून वाचतो. आमच्याकडं या तिघांनाही ४०३ मिळत होता, म्हणजे दारातूनच परत. कुठल्या बॉटनं यावं आणि कुठल्यानं नाही हे सांगणाऱ्या आमच्या रोबॉट्स डॉट टीएक्सटी फाइलमध्ये कुणालाच मनाई नव्हती. अडवणूक होस्टिंगच्या सुरक्षा व्यवस्थेत होती आणि आम्हाला तसं कुणी कळवलंही नव्हतं. त्यांना पत्र लिहून ती काढून घेतली. तुमची साइट क्लाउडफ्लेअरमागं, म्हणजे साइटला संरक्षण देणाऱ्या त्या कंपनीच्या सेवेमागं, असेल तर तिथली सेटिंगही बघा. १ जुलै २०२५ पासून नव्या साइट्सवर एआय बॉटना मुळातच अडवायचं धोरण त्यांनी जाहीर केलं आहे. गूगलचं गणित वेगळं आहे. तिथल्या शोधात वर येणारं एआय उत्तर नेहमीच्या गूगलबॉटनं वाचलेल्या पानांवरून तयार होतं. ‘गूगल-एक्स्टेंडेड’ ही गूगलच्या एआय मॉडेलांना मजकूर वापरू द्यायचा की नाही याची वेगळी खूण आहे; तिला मनाई केली म्हणून शोधातून काही जात नाही.

प्रशिक्षणाला परवानगी द्यावी का, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. माझी एक मैत्रीण कविता लिहिते. तिनं जीपीटीबॉटला दार बंद ठेवलंय आणि शोधाच्या बॉटला उघडं. तिचं बरोबरच आहे, कविता ही तिची निर्मिती आहे. मी मात्र दोन्ही दारं उघडी ठेवली. घनसाळचं नाव, त्याचा आखूड दाणा, त्याचा वास, त्याचा तालुका हे सगळं जितक्या ठिकाणी नीट नोंदलं जाईल तितकं मला हवं आहे.

मराठी साइट्सची खरी अडचण याच्या पुढं सुरू होते. आमच्याकडं वडिलांच्या काळापासूनची टिपणं होती, श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली. जुन्या फॉन्टमधला मजकूर पडद्यावर ‘भात’ दिसतो, पण आत साठवलेली अक्षरं भलतीच असतात. तो फॉन्ट नसलेल्या यंत्राला ती निरर्थक चिन्हं वाटतात. तपासायची रीत सोपी आहे. पानावरची एक ओळ कॉपी करा आणि साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथं मराठी वाचता आलं तर तो युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची प्रमाण पद्धत. नाही आलं, तर तुमचं पान यंत्राच्या दृष्टीनं कोरं आहे. कितीतरी संस्थांच्या स्मरणिका, कृषी प्रदर्शनांच्या पुस्तिका आणि गावांचे इतिहास अशा पीडीएफमध्ये किंवा नुसत्या फोटोंमध्ये अडकून पडलेत, याचं मला फार वाईट वाटतं. आमची टिपणं कन्व्हर्टरमधून काढली, जोडाक्षरं आणि रफार हातानं दुरुस्त केले. या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त वेळ या कामाला लागला आणि सर्वांत जास्त फळही यालाच आलं.

मग प्रश्न लिहिण्याच्या पद्धतीचा. ही यंत्रं अख्खा लेख उचलत नाहीत. प्रश्नाला जुळणारा एखादा तुकडा उचलतात. आमच्या पानावर घनसाळचं वर्णन होतं, पुढं इंद्रायणीचं, आणि मग वाक्य होतं, ‘तो मात्र अलीकडचा आहे.’ माणूस वरून खाली वाचत येतो, त्याला कळतं ‘तो’ कोण. तुकडा सुटा झाला की ‘तो’ कुणाचाही होतो. एका उत्तरात आमच्या पानाचा दुवा देऊन चक्क घनसाळ हाच नवा वाण ठरवला होता! दुवा मिळाल्याचा आनंद तिथंच संपला. आता ते वाक्य असं आहे: ‘इंद्रायणी हा सुधारित वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून तयार केला आणि तो १९८७ साली प्रसारित झाला.’ लांबलंय, पण कुठंही एकटं उभं राहतं. तसंच घनसाळच्या परिच्छेदात ‘आजरा घनसाळला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं’ हे वर्षासकट लिहिलं आणि खाली मानांकन नोंदणीच्या सरकारी पानाचा दुवा जोडला.

हे फक्त माझ्या अनुभवावरून सांगत नाही. प्रिन्स्टन आणि आयआयटी दिल्ली इथल्या संशोधकांचाही सहभाग असलेला एक शोधनिबंध २०२४ मध्ये केडीडी या संगणकशास्त्राच्या परिषदेत मांडला गेला. मजकुरात स्रोत, अवतरणं आणि आकडे घातले की एआयच्या उत्तरांत त्या पानाचा ठसा ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, असं त्यांना दिसलं. एकच शब्द पुन्हा पुन्हा कोंबायची जुनी युक्ती मात्र चालली नाही. मला याचं समाधान वाटतं. चांगली कृषी पुस्तिका जशी लिहिली जायची तसंच लिहिलेलं इथंही चालतं.

बाजारात विकल्या जाणाऱ्या बाकीच्या उपायांवर पैसे घालवू नका. ‘एलएलएम्स डॉट टीएक्सटी’ नावाची, साइटवर काय आहे ते एआयला थोडक्यात सांगणारी फाइल बनवून देतो म्हणून मला फोन आले होते. २०२४ मध्ये जेरेमी हॉवर्ड यांनी सुचवलेली ती कल्पना आहे, आणि ती फाइल ठेवून नुकसान काही नाही. पण एआय उत्तरांत येण्यासाठी वेगळी फाइल किंवा खास स्कीमा (पानातली माहिती यंत्रासाठी ठरावीक साच्यात मांडणारा कोड) लागत नाही, हे गूगलनं स्वतःच्या मार्गदर्शनात सरळ लिहिलंय.

इंग्रजीचं मात्र ऐका. मराठीत प्रश्न विचारला तरी यंत्र कधी कधी आतल्या आत इंग्रजीत शोध घेतं, आणि पुण्यामुंबईचे लोकही वाणांची नावं रोमन लिपीत, हव्या त्या स्पेलिंगनं लिहितात. म्हणून प्रत्येक मोठ्या पानाला मी एक छोटं इंग्रजी पान जोडलं आणि त्यात नावाची प्रचलित स्पेलिंगं दिली. मूळ मराठी पान तसंच भरघोस ठेवलं. तरवा कधी टाकायचा, लावणीनंतर पाणी किती ठेवायचं, उंच वाढून घनसाळ लोळतो तेव्हा दादा काय करतो, हे इंग्रजीत कुणी विचारत नाही आणि दुसऱ्या कुठल्या पानावर सापडतही नाही. दुवे सर्वांत जास्त त्याच भागाला मिळतात.

चॅटजीपीटीवरून कुणी आलं तर पत्त्याच्या शेपटीला बहुधा त्याचं नाव लागलेलं असतं, त्यामुळं मोजता येतं. येणारे थोडेच असतात. बहुतेकांचं काम तिथल्या उत्तरातच भागतं. मला ते चालतं. घनसाळ आणि इंद्रायणीतला फरक विचारला की आता बऱ्याचदा १९८७ हे वर्ष आणि वडगाव मावळचं नाव उत्तरात येतं, खाली आमचा दुवा असो वा नसो. सध्या दादाकडून काळा जिरगा या भाताच्या वाणाची माहिती फोनवर रेकॉर्ड करून घेते आहे. मळणी उरकली की तो सविस्तर बोलणार आहे, आणि ते पान पहिल्या ओळीपासूनच अशा सुट्या, पूर्ण वाक्यांत लिहिणार आहे.