पाठकोरे कागद

कृपादानांची, म्हणजे मंडळीच्या सेवेसाठी देव माणसाला देतो त्या देणग्यांची, प्रश्नावली मीच तयार केली होती, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही.

पाळक व्हायचं शिक्षण संपवून सेमिनरीतून बाहेर पडून आठ महिने झाले होते. माझ्याकडं आलेली ख्रिस्ती मंडळी नगर जिल्ह्यातली, जुनी. अमेरिकन मराठी मिशननं 1831 साली नगरला काम सुरू केलं, त्या कामाच्याच पुढच्या फांद्यांपैकी एक. दगडी चर्च, शेजारी पत्र्याचा हॉल, साठेक घरं. तक्रार सगळीकडं असते तीच. कामाला चार-पाच जण, बाकीचे उपासना झाली की सलाम करून घरी. मी पंचांना म्हटलं, लोकांना आपलं कृपादान कोणतं हेच माहीत नाही, ते शोधून देऊ. एका इंग्रजी प्रश्नावलीवरून मराठीत साठ प्रश्न उतरवले. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातली सात दानं, करिंथकरांस पहिल्या पत्रातली तीन; प्रत्येकाला सहा प्रश्न, प्रश्नाला शून्य ते तीन गुण. जिथं बेरीज जास्त, ते तुमचं दान. माझा कागद मी आदल्या रात्रीच भरला होता. उपदेशाला अठरापैकी सतरा. एक गुण नम्रतेपोटी सोडला होता.

श्रावणातला शनिवार, सकाळचे दहा, बावीस माणसं. पहिला अर्धा तास ‘अन्य भाषां’वर गेला, म्हणजे प्रार्थनेत आपोआप तोंडी येणाऱ्या अनोळखी भाषांवर. एका पंचांची पणजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये होती, तिथली 1905 ची संजीवनाची, म्हणजे आत्मिक जागृतीची, लाट तिनं डोळ्यांनी पाहिलेली. अन्य भाषांचा प्रश्न यात का नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या पंचांना तो विषयच नको होता. ज्या भांडणावर पौलानं करिंथकरांना पत्र लिहिलं, ते आम्ही पत्र्याखाली पुन्हा घातलं.

मग बायका अडल्या. ‘दुःखी माणसाला मी चांगला धीर देतो/देते.’ आता हे आपणच आपल्याबद्दल कसं लिहायचं? दुसऱ्या रांगेतल्या एका मावशींनी कागद शेजारणीपुढं सरकवला, “तूच भर गं माझा, तुला माहितीय.” मी लगेच टोकलं. ज्याचा कागद त्यानंच भरायचा. ते टोकणं मला अजून आठवतं.

नर्सबाईंनी कागदावर नुसतं नाव लिहिलं होतं. मिरजेला मिशन हॉस्पिटलात शिकलेल्या, आता रिटायर. म्हणाल्या, “चष्मा घरी राहिला, पाळकसाहेब.” चष्मा गळ्यात साखळीला लटकत होता.

साडेअकराला फोन आला. रात्रपाळी करून रांजणगावहून घरी येताना एक पोरगा गाडीवरून गेला होता. चोवीस वर्षांचा. पोलिसांनी मोबाईलमधला पाळकांचा नंबर लावला होता. त्याची आई म्हणजे दुसऱ्या रांगेतल्या त्याच मावशी.

व्हरांड्यातून हॉलमध्ये जायला सात-आठ पावलं. तेवढ्यात मी तीन वचनं जुळवली. मावशींसमोर उभा राहिलो आणि तोंडून निघालं, “मावशी, प्रभूची योजना आपल्याला...” त्या माझ्याकडं बघत राहिल्या. प्रश्नावलीतलंच काही समजावतोय असं त्यांना वाटलं असावं.

नर्सबाई माझा चेहरा बघूनच उठल्या होत्या. मला हातानं बाजूला केलं, मावशींसमोर उकिडव्या बसल्या.

“तुझा पोरगा गेला. गाडीवरून पडला. जागेवरच गेला.”

आपल्याकडं असं सांगत नाहीत. ‘सिरियस आहे, दवाखान्यात चला’ म्हणतात आणि वाटेत हळूहळू सांगतात. मावशींनी त्यांच्या खांद्यावर मुठी मारल्या, चार-पाच वेळा, जोरात. नर्सबाई हलल्या नाहीत. मावशींच्या एका मुठीत पेन्सिल होती. मुठी थांबल्यावर नर्सबाईंनी त्यांचं एकेक बोट उघडून ती काढून घेतली आणि स्वतःच्या केसांत खोचली.

मी काय केलं? कामात पळालो. प्रश्नावल्यांचा गठ्ठा उचलला. कागद पाठकोरे होते. एकाच्या पाठीवर लिहायला बसलो: पोलिसांचे कागद, शवविच्छेदन, अँब्युलन्स, कबर, पेटी, मुंबईचे मामा, घरी पाणी आणि चहा. प्रत्येक कामाला दोन नावं, एक चुकलं तर दुसरं. “पेटी कुणाकडं?” विचारल्यावर एक पोरगा म्हणाला, “चर्चमध्येच आहे की, कालच भाता दुरुस्त केलाय.” आमच्याकडं बाजाही पेटी आणि शवपेटीही पेटीच. कोणीतरी हसलं, मग सगळ्यांना लाज वाटली.

कबरीनं दमवलं. दफनभूमीत मुरूम, त्यात आठवडाभराचा पाऊस. तीन फुटांवर पाणी लागलं. घमेल्यानं उपसायचं, खणायचं, पुन्हा उपसायचं. कडा ढासळायला लागल्या तेव्हा मी शाळेच्या बांधकामावरच्या फळ्या मागवल्या. अँब्युलन्स चारला यायची, आली पाच वाजून दहा मिनिटांनी. उजेड किती वेळ राहील याचा हिशेब मी घड्याळात बघून करत होतो, प्रार्थना करताना डोळे मिटलेत असं दाखवून.

कबरीपाशी थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायावर दहा मिनिटं बोललो. छत्र्यांवरच्या पावसात कुणालाही ऐकू गेलं नाही. ना. वा. टिळकांची पदं पाठ असलेले एक आजोबा आहेत, त्यांनी मी थांबायच्या आतच सूर लावला. ते मात्र ऐकू गेलं.

रात्री हॉलच्या नळावर पाय धुताना नर्सबाई म्हणाल्या, “रागावू नका. प्रवचन तुमचं बेताचंच असतं. पण आज तुम्ही नसतात तर लेकराला अंधारात पुरावं लागलं असतं.”

मी रागावलो. मी विचारलं, तुम्हाला ते तसं सांगायचं कसं सुचलं? “सुचतंय कसलं. नोकरीत नवी होते तेव्हा मीपण एकीला खोटं सांगितलं होतं. ती बाई तासभर नवऱ्यासाठी प्रार्थना करत बसली. तो आत झाकलेला.” कृपादान आणि सराव यांतला फरक आम्हाला सेमिनरीत शिकवलाय. त्या हॉलमध्ये मला तो काही दिसला नव्हता.

घरी जाऊन करिंथकरांस पहिलं पत्र, 12:28 काढलं. प्रेषित पहिले, संदेष्टे दुसरे, शिक्षक तिसरे. व्यवस्था पाहणं पार शेवटी, भाषांच्या फक्त एक पायरी आधी. मूळ ग्रीक शब्द सुकाणू धरण्याचा. प्रेषितांच्या कृत्यांत सत्ताविसाव्या अध्यायातला तांडेल त्याच शब्दाच्या घरातला, आणि त्याच्या भरवशावर हाकारलेलं जहाज शेवटी फुटलं. सतरा गुणांचं दुःख तेवढ्यानं थोडं हलकं झालं.

रविवारी उपासनेनंतर लोकांनी निकाल मागितला. गठ्ठ्यात सातच कागद उरले होते. एक अँब्युलन्सवाल्याकडं गेला होता, दोन कबरीवरच्या चिखलात. नर्सबाईंच्या कागदामागं मावशींच्या घरी आठवडाभर डबे कुणी न्यायचे ती यादी होती, तो हॉलच्या दाराला चिकटवला होता.

भाषांवाले पंच खालच्या आवाजात म्हणाले, “माझी बेरीज किती आली, साहेब?”

“तुमचा कागद सुताराकडंय,” मी म्हटलं. “पेटीचं माप त्यावर लिहून दिलं होतं.”