बेचाळीसची अंगठी

दुबईत डिसेंबरातल्या दुपारी बाल्कनीत बसता येतं. जेवणं झाली, वहिनीने मागचं आवरलं आणि दादा सिगारचं खोकं घेऊन बाहेर जाऊन बसला. त्याचे दोन मित्र आले होते, एक नागपूरचा, एक मडगावचा. खोकं टेबलावर आल्याबरोबर तिघांनी मिळून ते आधी उलटं केलं.

मला याची मोठी गंमत वाटली. आंबा घेताना आपण देठ हुंगतो ते ठीक आहे, पण लाकडी खोक्याचा तळ बघून चेहरे उजळणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहत होते. तळाला काय, तर लाकडात डागलेलं 'हेचो एन कूबा', म्हणजे क्यूबात बनलेली, त्याच्या जोडीला 'तोताल्मेंते आ मानो', म्हणजे संपूर्ण हाताने वळलेली, आणि शाईचा एक शिक्का: तीन अक्षरी स्पॅनिश महिना आणि वर्षाचे दोन आकडे. 'एने' म्हणजे जानेवारी, 'आगो' म्हणजे ऑगस्ट. दादाच्या खोक्यावर 'आगो ०८' होतं. शिक्क्यात कारखान्याची खूणही असते, पण ती अक्षरं अधूनमधून बदलतात आणि कुठली अक्षरं कुठल्या कारखान्याची हे काही खरेदीदाराला सांगत नाहीत. तेव्हा हाती राहतो तो महिना. त्या एका महिन्यावर तिघांनी चहा येईपर्यंतचा वेळ काढला.

खोकं मोंतेक्रिस्तो नावाच्या ब्रँडच्या नंबर एक सिगारींचं होतं. लांबी १६५ मिलिमीटर, म्हणजे वितीला बरीच कमी, आणि जाडी ४२. ही जाडी मिलिमीटरात नसते, तिला अंगठीचं माप म्हणतात, ते पुढे सांगते. या मापाला लॉन्सडेल म्हणतात. तिघांचंही हेच लाडकं माप, त्यावर भांडण नाही. भांडण ती मुरवायची किती यावर.

"अबे, दहा वर्षं तर हातच लावू नको," नागपूरकर म्हणाला.

"दहा वर्षांनी तिच्यात उरतं काय? नुसता धूर," मडगावकर.

दादा नेहमीप्रमाणे मधोमध. आमच्या घरात लहानपणापासून तडजोडीचं खातं त्याच्याकडेच आहे.

मडगावकराने मग हुकमाचं पान काढलं. राफाएल गोन्साळेस नावाचा एक जुना हवाना ब्रँड आहे. त्याच्या खोक्यावर चक्क इंग्रजीत सूचना छापलेली असते: या सिगारी हवानाहून निघाल्यापासून महिन्याभरात ओढा, नाहीतर साधारण वर्षभर नीट मुरवून मग ओढा. मधल्या काळाबद्दल अवाक्षर नाही. त्या मधल्या काळाला ही मंडळी सरळ सिगारचं आजारपण म्हणतात. पानं आंबवण्याची क्रिया वळून झाल्यावरही आत चालूच राहते, अमोनियाचा भपका येतो, चव बिघडते. मग हळूहळू निवते. मला ती सूचना फार आवडली. एकतर लगेच, नाहीतर नीट थांबून. आमच्या नात्यातल्या दोन-तीन लग्नांच्या वेळी ही सूचना कुणाच्या हाती लागली असती तर बरं झालं असतं.

पण नागपूरकर ऐकणाऱ्यातला नव्हता. "ते वर्षभराचं जुन्या काळचं. तीन वर्षांनी आजारपण जातं, पाच वर्षांनी ती बोलायला लागते, दहा वर्षांनी..." इथे त्याने नुसता हात हलवला. दहा वर्षांनी काय होतं ते शब्दांत येत नाही म्हणे.

"मग तू दहा वर्षांची ओढलीयेस का?" मी विचारलं.

"ओढली ना ताई. एक."

यातली खरी गोम मला तिथेच कळली. खोक्यात असतात पंचवीस. त्या मुरल्या की नाही हे बाहेरून कळायला काही मार्ग नाही. एक जाळूनच बघावी लागते. म्हणजे जिच्याबद्दल कळलं ती संपलेली, आणि ज्या उरल्या त्यांच्याबद्दल नुसता अंदाज. दादा दरवर्षी पाडव्याला एक ओढून बघतो, 'आली का' हे पाहायला. मित्र जमले की एकाच्या तीन होतात. ऑगस्ट २००८ च्या त्या खोक्याचा वरचा थर कधीच गेला होता, खालच्या थरातही दात पडल्यासारख्या फटी होत्या. माझा हिशेब असा की ज्या दिवशी त्या सिगारी अगदी मनासारख्या मुरल्याचं सिद्ध होईल, त्या दिवशी खोकं रिकामं असेल. मी हे बोलून दाखवलं. तिघेही जरा वेळ गप्प झाले आणि मग दादा म्हणाला, "म्हणून तर दोन खोकी घ्यायची असतात."

लॉन्सडेल हे नाव एका इंग्रज उमरावाचं. ह्यू लाउदर, लॉन्सडेलचा पाचवा अर्ल. याला पिवळ्या रंगाचं वेड होतं, गाड्या पिवळ्या, नोकरांचे पोशाख पिवळे. लोक त्याला पिवळा अर्लच म्हणत. शिकार, घोडे, मुष्टियुद्ध आणि वडिलोपार्जित पैसा उडवणं हे त्याचे उद्योग. इंग्लंडात मुष्टियोद्ध्यांना मिळणारा लॉन्सडेल पट्टा याच्याच नावाचा. गोन्साळेसवाल्यांनी त्याच्यासाठी हे माप बनवलं आणि त्याचं नाव जगभर झालं. हवानाच्या कारखान्यात मात्र सिगार वळणारे याच मापाला 'सेर्वांतेस' म्हणतात. तो स्पॅनिश लेखक अल्जीयर्समध्ये पाच वर्षं कैदेत होता आणि उभा जन्म त्याची पैशाची ओढाताण चाललेली. एकच जाडी, एकच लांबी. दुकानात लॉर्ड आणि कारखान्यात लेखक. कारखान्यात लेखकांना मान असण्याला कारणही आहे. तिथे पानं वळत बसलेल्या कामगारांना मोठ्याने वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या वाचून दाखवणारा माणूस असतो. ही पद्धत १८६५ मध्ये एल फिगारो नावाच्या कारखान्यात सुरू झाली आणि अजून चालू आहे. मला जन्मात एखादी नोकरी मनापासून हवीशी वाटली असेल तर ती ही. दिवसभर कादंबरी वाचायची, शेकडो माणसांनी ऐकायची, आणि कुणी मध्येच "भाजी काय करू?" विचारणार नाही.

मी सिगार ओढत नाही. वासही मला चार हात लांबूनच बरा वाटतो. तरीसुद्धा बेचाळीसवर माझा जीव आहे, आणि त्याचं कारण या तिघांपैकी कुणाच्याही कारणाशी जुळत नाही.

गिरगावात आमच्या चाळीत बोटीवरचे काका होते. आठ-नऊ महिन्यांनी परत यायचे, तेव्हा मजल्यावर दिवाळी नसताना दिवाळी. साबणाच्या वड्या, बिस्किटांचे पत्र्याचे डबे, बायकांना नायलॉनच्या साड्या. संध्याकाळी काका कठड्याला टेकून एक सिगार पेटवायचे. समोरच्या जोशीकाकू ताडकन खिडकी लावून घ्यायच्या. ती लावल्याचा आवाज काकांना ऐकू जावा अशा बेताने. आम्ही पोरं मात्र काकांच्या पायाशी रांगेत. सिगारवर कागदाची एक लाल-सोनेरी पट्टी असायची, पार्तागास ब्रँडची असणार. सिगार पेटवल्यावर काका ती लगेच काढत नसत. आधी काढली तर डिंकाबरोबर पान फाटतं. जरा गरम झाली की सुटते. ते आम्हाला काय माहीत! आम्हाला वाटायचं काका मुद्दाम छळतायत. अर्धा तास आम्ही त्या पट्टीकडे बघत बसायचो. मग ते ती हलकेच सरकवून काढायचे आणि ज्याची पाळी असेल त्याच्या अंगठ्यात घालायचे.

राजमुद्रा होती ती. सोनेरी उठावाची अक्षरं, कुणाला न कळणारी पदकं. मी ती अंगठी घालून हिशेबाचा तास काढलाय, आंघोळ चुकवलीये. माझ्या बाहुलीचं लग्न ठरलं तेव्हा नवऱ्यामुलाकडची मागणी एवढीच होती, बोटीवरच्या काकांची अंगठी. ती माझ्याकडे नव्हती, शेजारच्या मुलाकडे होती आणि तो काही केल्या देईना. लग्न मोडलं.

रिकामं खोकं एकदा आईला मिळालं. तिने त्यात सुया, दोरे, बटणं ठेवली. ते लाकूड कितीही उन्हात ठेवलं तरी त्याचा वास गेला नाही. सगळे त्याला देवदार समजतात, आम्हीही समजत होतो. पण ते झाड आपल्या कडुलिंबाच्या कुळातलं आहे. आईने शाळेच्या गणवेशाला त्या खोक्यातलं बटण लावलं की माझ्या गळ्याशी दिवसभर क्यूबाचा वास यायचा, आणि शेजारी बसणारी मुलगी विचारायची, तुमच्याकडे बाबा तपकीर ओढतात का ग?

तर अंगठीचं माप. सिगारची जाडी मोजायला एका इंचाचे चौसष्ट भाग करतात. त्यातले बेचाळीस म्हणजे पावणेसतरा मिलिमीटरला किंचित कमी. दादाच्या खोक्यातली पट्टी मी त्या दुपारी अनामिकेत घालून बघितली. सोनाराने माप घेऊन केल्यासारखी बसली. लहानपणी अंगठ्यात घालायचो ती आता अनामिकेत आली, एवढीच काय ती आमची वाढ.

आणि आताची फॅशन बघा. जाड, आखूड, धडधाकट. रोबुस्तो नावाचं माप पन्नासचं आणि जेमतेम १२४ मिलिमीटर. कोहिबा ब्रँडने २०१० मध्ये बेहिके नावाच्या सिगारी काढल्या त्या ५२, ५४ आणि ५६ च्या. छप्पन म्हणजे सव्वाबावीस मिलिमीटर. त्या पट्टीची अंगठी कुणाच्या बोटात राहणार? पहिलवानाच्या. ओढणारे म्हणतात की बारीक सिगारीत वरच्या पानाचा वाटा मोठा, म्हणून चव नाजूक. ती जाड सिगारीत आतल्या पानांच्या गर्दीत हरवते. असेलही. पण लोकांना तासभर बारीक काही ओढत बसायला वेळ नाही, तेव्हा एकेका ब्रँडने आपली लॉन्सडेल बंद केली. गोन्साळेसची, जिच्यावरून नाव पडलं, तीसुद्धा गेली. माझ्या दृष्टीने हा सरळ पोरांवरचा अन्याय आहे. अर्थात पोरांच्या हाती सिगारची पट्टी द्यायचे दिवसही गेले, ते बरंच झालं.

चहा देताना वहिनीने डीप फ्रीज उघडला आणि आतून ओल्या खोबऱ्याच्या आणि मटारच्या पिशव्यांखालून एक पिशवी काढून दाखवली. आत नवीन आणलेल्या सिगारी. तंबाखूत एक बारीक तपकिरी किडा पडतो. हाच आपल्या हळदीत, धन्यात, मिरचीपुडीतही पडतो. अंडी पानातच असतात, घरात उकडायला लागलं की बाहेर येतात आणि सिगारला टाचणीएवढी भोकं पाडतात. म्हणून आधी काही दिवस गोठवायच्या, मग साध्या फ्रीजमध्ये, मग बाहेर, आणि मग अठरा अंशावर ठेवलेल्या खास कपाटात. "माझ्या हळदीला कधी एवढे लाड मिळाले नाहीत," वहिनी म्हणाली. हिच्या हळदीतल्या किड्यांना दादानेच सगळ्यांत जास्त नावं ठेवली होती, ते तिला आठवत होतं.

साठवण्यावरून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची गोष्ट निघाली. ती निघतेच. फेब्रुवारी १९६२ मध्ये क्यूबाच्या मालावर बंदी घालायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आपले प्रसिद्धी सचिव पिएर सॅलिंजर यांना सिगारी गोळा करायला पिटाळलं. एच. उपमनच्या छोट्या पेटीट उपमन हव्या होत्या, हजारेक. सकाळी सॅलिंजर यांनी १२०० मिळाल्याचं सांगितलं आणि मगच राष्ट्राध्यक्षांनी सही केली. सॅलिंजर यांनी ही गोष्ट स्वतःच सांगून ठेवली आहे. तिघेही हसले, ही गोष्ट त्यांनी एकमेकांना अनेकदा सांगितलेली असणार. मी मनात महिने मोजले. नोव्हेंबर १९६३ पर्यंत, म्हणजे त्यांची हत्या होईपर्यंत, एकवीस. मुरायला पुरेसे होते का, हे मात्र मी विचारलं नाही.

त्याऐवजी विचारलं, "ही वळली कुणी?"

"कुणी म्हणजे?"

"म्हणजे या ऑगस्टात बसून, हाताने. बाई होती की बुवा?"

कुणाला सांगता येईना. बहुधा बाई, दादा म्हणाला, हल्ली वळणाऱ्यांत बायकाच जास्त. मग वळणाऱ्यांवरून बोलणं पान पिकवणाऱ्यांवर गेलं. क्यूबाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रिओ प्रांत, तिथला वुएल्ता आबाहो पट्टा. सगळ्यात चांगलं पान तिथलं. आलेहांद्रो रोबायना तिथलेच, ज्यांच्या नावाने १९९७ मध्ये सिगारचा ब्रँड निघाला आणि जे ९१ वर्षांचे होऊन २०१० मध्ये गेले. कापलेली पानं लाकडाच्या, पामच्या झावळ्यांनी शाकारलेल्या उंच कोठारांत आठवडेच्या आठवडे टांगून वाळवतात. मग आंबवतात, मग गठ्ठे बांधून ठेवतात. त्यातलं सगळ्यात कडक पान वळायला घेण्याआधी निदान दोन वर्षं थांबतं. २७ सप्टेंबर २०२२ ला इयान नावाचं चक्रीवादळ नेमकं त्या प्रांतावर आदळलं. अशी हजारो कोठारं एका रात्रीत झोपली, रोबायना कुटुंबाचीही पडली. सगळ्या देशाची वीज गेली. पुढचं पीक लावायचे दिवस तोंडावर, आणि लावलं तरी वाळवायला छप्पर नाही.

मडगावकर हे सगळं सांगत होता. त्याच्या गावाने वादळं पाहिलेली आहेत, त्याचा आवाज उतरला होता.

दादा बोटांवर काहीतरी मोजत होता. "म्हणजे '२३ चं पान कमी. ते वळायला येणार '२५ ला. '२५ चं खोकं मिळालं तर ठेवून द्यायला हवं रे, दहा वर्षांनी दिसणार नाही."

नागपूरकराने विचारलं, "आत्ता काय भाव चाललाय?"