मामाच्या बोटांना कळेल असा प्लेयर

शनिवार, रात्री

मामाची पंचाहत्तरी आली जवळ आणि फॅमिली ग्रुपवर सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालंय, मामाला गाणं ऐकायचं काहीतरी द्यायचं. पण काय द्यायचं यावर मात्र जो तो आपापली लिंक टाकतोय. दादाने हाय-रेझ प्लेयर टाकला, ताईने सारेगामा कारवां, धाकट्याचं म्हणणं अलेक्साच घ्या, बोललं की वाजतं. सगळेच मनापासून सुचवतायत, पण मला सारखं वाटतंय की आपण मशीन बघतोय आणि मामाकडे कोणी बघतच नाहीये. म्हणून आज नीट लिहून काढतेय, म्हणजे माझंही डोकं जागेवर येईल.

मामाला आता दिसतं ते कडेकडेचं. मधोमध धूसर ठिपका, त्यामुळे दारातून कोण आलं ते चालण्यावरून ओळखतो, पण मोबाईलवरचं नाव वाचता येत नाही. फोनवर गाणी लावायची तर मामीला हाक मारायची. आणि यूट्यूबवर विलंबित ख्याल जरा कुठे रंगायला लागला की मधेच जाहिरात, ती बंद करायची तर परत मामी, आणि मामी आंघोळीला गेली असेल तर मामा ती जाहिरात पूर्ण ऐकत बसतो. मागच्या वेळी मिरजेला गेले तेव्हा मी हे डोळ्याने बघितलंय आणि ते माझ्या मनातून जात नाही. कारण हा तोच माणूस आहे ज्याच्या टेपरेकॉर्डरला घरात दुसऱ्या कोणी हात लावलेला चालायचा नाही! सांगली आकाशवाणीवर काही चांगलं लागणार असेल तर आधीपासून कोरी कॅसेट लावून, प्ले आणि रेकॉर्ड दोन्ही बटणं दाबून, पॉजवर बोट ठेवून बसायचा. निवेदिकेचं वाक्य संपलं की पॉज सुटायचा. दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं असतं तिथे तर तो शाळकरी असल्यापासून जातोय, रात्रभर बसायचा. मिरजेत तानपुरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत वाढलेला माणूस, त्याचे कान घडलेतच तसे.

तर मामाला गाणं आयतं पुरवायची गरज नाहीये. त्याला हवं ते गाणं, त्याला हवं तेव्हा, कोणाला हाक न मारता लावता आलं पाहिजे. माझ्यासाठी निवडीची अट ही एकच, बाकी सगळं नंतर.

आता या अटीवर एकेक बघते.

हाय-रेझवाला प्लेयर. दादाचं म्हणणं २४ बिट, फ्लॅक फाइली (म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता साठवणाऱ्या), आवाज एकदम स्वच्छ. असेलही, पण त्याला पूर्ण टचस्क्रीन आहे आणि काचेवर बोटाला काहीच सापडत नाही, सगळं सारखं गुळगुळीत. शिवाय मामाचा खजिना कॅसेटवरचा. त्या टेपवर जे उमटलंच नाही ते २४ बिटमधून कुठून येणार, फक्त टेपची सूं सूं जास्त निगुतीने ऐकू येईल.

अलेक्सा. याबद्दल मी मन मोकळं ठेवलं होतं, कारण ज्याला दिसत नाही त्याला बोलून काम होणं ही खरंच मोठी सोय आहे, वेळ विचारता येते, बातम्या लावता येतात. पण मामाला हवं असतं अमुक बुवांचं अमुक रागातलं, तेही त्याच्याकडे आहे तेच रेकॉर्डिंग. ते इंटरनेटवर नाहीच तर अलेक्सा बिचारी कुठून आणेल? वाय-फाय लागतं ते वेगळंच, आणि लाइट गेली की संपलं. फिरायला जाताना तर नेताच येणार नाही.

कारवां. २०१७ साली आलं तेव्हा कितीतरी घरांत आईवडलांना हेच दिलं गेलं आणि लोकांनी ते मनापासून वापरलं. पाच हजार गाणी आधीच भरलेली, जुन्या ट्रान्झिस्टरसारखं रूप, गोल बटण फिरवलं की एका कलाकारावरून दुसऱ्यावर. सासूबाईंना दिलं तर त्या नाचतील इतकं छान आहे. पण ती पाच हजार गाणी कंपनीच्या संग्रहातली, म्हणजे आपल्या जुन्या एचएमव्हीच्या. मामाचा निम्मा जीव पुण्याच्या अलुरकर म्युझिक हाऊसने काढलेल्या कॅसेटींत आणि बाकी निम्मा रेडिओवरून स्वतः टिपलेल्यात. पेनड्राइव्ह लावायची सोय कारवांमध्येही आहे, पण मला हवंय ते थोडं निराळं.

आयपॉडचाही विषय निघाला, कोणाकडे तरी जुना पडलाय म्हणे. २००१ ला आलेली वस्तू, ॲपलने २०२२ मध्ये बंद केली, आता बॅटरी बदलायची तरी कोणाकडून. चाक फिरवायला मजा येते पण मेनू वाचावा लागतोच. नाही.

दृष्टिहीनांसाठी खास डेझी प्लेयर मिळतात, मोठी उंचावलेली बटणं, मेनू बोलून सांगणारे. बोलकी पुस्तकं ऐकणाऱ्यांसाठी उत्तमच. किंमत मात्र आमच्या वर्गणीच्या पार पलीकडे, आणि मामाला पुस्तकं नकोत, गाणीच हवीत.

बुधवार

आज ऑफिसमधून लवकर सुटून तापकीर गल्लीत गेले. बुधवार पेठेतल्या त्या बोळातून चालताना एका बाजूला एलईडीच्या माळा, एका बाजूला वायरींची भेंडोळी, आणि मधेच एका दुकानात मला जे हवं होतं ते काउंटरवरच मांडलेलं. आपण देवळाबाहेर, रिक्षात, पानटपरीवर बघतो तो छोटा चौकोनी डबा. एफएम, मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह, पुढे स्पीकर, बाजूला हेडफोनचं भोक, आणि मुख्य म्हणजे पुढे मोबाईलसारखी शून्य ते नऊ आकड्यांची बटणं. २३ दाबलं की तेविसावं गाणं. बास! यासाठीच आले होते मी. मामाला अख्ख्या घरादाराचे फोन नंबर पाठ आहेत, त्याला गाण्यांचे नंबर का नाही पाठ होणार?

दुकानदार काका भले माणूस. मी एकेक डबा हातात घेऊन डोळे मिटून दाबून बघत होते तर आधी जरा बघत राहिले, मग मी सांगितलं कोणासाठी घ्यायचाय, तर आतून अजून दोन-तीन प्रकार काढून दिले आणि "सावकाश बघा ताई" म्हणाले. आणि डोळे मिटल्यावरच फरक कळतो हो. एकाची बटणं इतकी सपाट की कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते बोटाला लागेना. एकाला पाचच्या बटणावर बारीक उंच ठिपका होता, जुन्या मोबाईलला असायचा तसा, तो सापडला की आजूबाजूचे सगळे आकडे आपोआप सापडतात. एकाला आवाज कमी-जास्त करायला आणि गाणं पुढे-मागे करायला तेच बटण, हलकं दाबलं तर पुढचं गाणं, दाबून धरलं तर आवाज. म्हातारं बोट जरा रेंगाळलं की आवाज एकदम चढणार. तो बाजूला ठेवला. दुसऱ्याला आवाजाची गोल चकती कडेला, बोटाने फिरवायची, ती बरी. आणि एक तर चालू केला रे केला की बाईच्या आवाजात इंग्रजीत ओरडून स्वागत करतो, तेही फुल व्हॉल्यूमवर, आवाज कमी करून ठेवला असला तरी. मामा रात्री दोनला उठून गाणं लावतो, मामी दचकून पडेल.

अजून एक नीट तपासलं. गाणं अर्ध्यात बंद करून परत चालू केलं तर तिथूनच लागतं का. पाऊण तासाचा ख्याल ऐकणाऱ्याला हे फार लागतं. काही डबे दर वेळी एक नंबरपासून सुरू करतात. जो निवडला तो जिथे थांबला तिथून पुढे वाजला.

बॅटरी बीएल-५सी, जुन्या नोकियाची असायची तीच. ही कुठल्याही गावात मिळते आणि मागचं झाकण सरकवून घरी बदलता येते. दोन जास्तीच्या घेतल्या. मेमरी कार्ड ३२ जीबीचंच घेतलं, चांगल्या कंपनीचं, बिल घेऊन. त्यापेक्षा मोठी कार्डं वेगळ्या फॉरमॅटची येतात आणि असले साधे प्लेयर ती बरेचदा वाचतच नाहीत. ऑनलाइन कवडीमोलात मिळणारी मोठमोठ्या आकड्यांची कार्डं तर बघायचीही नाहीत, वर छापलेलं एक आणि आत जागा दुसरीच, गाणी भरताना सगळी आत गेल्यासारखी दिसतात आणि वाजवताना निम्मी गायब. आणि ३२ पुष्कळ झालं, साधारण १९२ केबीपीएसच्या, म्हणजे चांगल्यापैकी दर्जाच्या एमपीथ्रीला मिनिटाला दीड एमबी धरलं तरी नव्वद मिनिटांच्या दोनशेच्यावर कॅसेटी मावतात.

सगळं मिळून हजार-बाराशेच्या आत. ग्रुपवर फोटो टाकला तर ताईचा लगेच फोन, अगं पंचाहत्तरीला हे देणार का, चार लोकांत कसं दिसेल. तिचं म्हणणं मला कळतं, मामाने आम्हा भाचरांसाठी किती केलंय, त्याला स्वस्तातलं दिलं असं वाटायला नको. मी तिला एवढंच म्हटलं की तू एकदा डोळे मिटून तुझ्या फोनवर गाणं लावून दाखव. जरा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, उरलेल्या पैशात चांगली शाल घेऊ आणि कॅसेटी कॉपी करायला मी पण येते.

रविवार, संध्याकाळी

खरं काम आता सुरू झालंय. मामीने गुपचूप कॅसेटींची पहिली पिशवी येणाऱ्याबरोबर पाठवली, मामाला सांगितलं की बुरशी लागायला नको म्हणून साफ करायला दिल्यात. साफ तर करतेच आहे, तेवढं काही खोटं नाही.

आमच्याकडचा कॅसेट डेक, त्यातून वायर लॅपटॉपला, लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. पहिली कॅसेट लावली आणि आवाज असा की कोणीतरी उशीत तोंड खुपसून गातंय. टेप खराब झाली म्हणून हळहळत होते, मग लक्षात आलं की मामाच्या टेपरेकॉर्डरचं हेड, म्हणजे टेपला टेकून आवाज टिपणारा भाग, जरा तिरकं बसलेलं असणार, म्हणजे त्याने टिपलेलं त्याच्याच मशीनवर नीट वाजणार. हेडच्या शेजारी एक बारका स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून, छोट्या स्क्रूड्रायव्हरने तो अगदी केसभर फिरवायचा, कान लावून. थोडं इकडे, थोडं तिकडे, आणि एका जागी आल्यावर तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झंकारणारी गुंज, अशी उघडली की मी आणि ताई दोघी एकदम एकमेकींकडे बघत राहिलो. मागे सांगलीच्या निवेदिकेचा आवाज, मग मामाच्या पॉजचा खट्, आणि बुवांचा षड्ज. किती वर्षांपूर्वीचं असेल! तो खट् आवाज मी कापणार नाहीये. ताई म्हणत होती काढ, मी म्हटलं राहू दे, तो मामाच आहे तिथे.

ख्यालाचे तुकडे करायचे नाहीत हेही ठरवलंय. विलंबित आणि द्रुत सलग असेल तर सलगच, एकच नंबर. हे प्लेयर दोन फाइलींच्या मधे क्षणभर थांबतात आणि तेवढ्याने समेवर आलेला माणूस हिरमुसतो.

नंबरांचा विचार मात्र खूप वेळ चालला. १ ते ५६ गीतरामायण, यात शंकाच नाही. गदिमांनी लिहिलेली आणि बाबूजींनी चाली दिलेली ५६ गीतं, पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये दर आठवड्याला नवं एक अशी वर्षभर चालली, तेव्हा वेगवेगळ्या गायकांनी म्हटली. मामाकडचा संच पुढचा, बाबूजींच्या स्वतःच्या आवाजातला. त्याला ती क्रमाने पाठ आहेत, कितवं गीत कुठलं हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. म्हणजे त्याला नवीन काही शिकायचंच नाही, जो क्रम त्याच्या डोक्यात आहे तोच बटणावर. पुढे १०१ पासून नाट्यपदं, २०१ पासून अभंग, ३०१ पासून ख्याल. मधले नंबर रिकामे ठेवता येत नाहीत, प्लेयर सलगच मोजतो, म्हणून रिकाम्या जागी दोन सेकंदांच्या मुक्या फाइली भरतेय. नवीन कॅसेट आली की मुकी काढून तिथे गाणं.

यातली गोम अशी की साधे प्लेयर फाइलच्या नावावरून क्रम लावत नाहीत, कार्डवर जी आधी कॉपी झाली ती पहिली. नावं ००१, ००२ दिली म्हणून भागत नाही. शेवटी सगळं क्रमाने लावून देणारं फॅटसॉर्ट नावाचं छोटं सॉफ्टवेअर चालवायचं. आणि दादाच्या मॅकवरून कॉपी करायचं नाही, तिथून ठिपक्याने सुरू होणाऱ्या छुप्या फाइलीही कार्डवर जातात आणि प्लेयर त्यांनाही गाणं समजून नंबर देतो, मग पुढचा सगळा हिशोब सरकतो.

हेडफोनचं बघायचं तर घरी रात्रीसाठी साधा कानावर बसणारा. फिरायला जाताना मात्र हेडफोन नाहीच, कृष्णाघाटाकडे जायच्या रस्त्यावर दिसत नसलेल्या माणसाचे कान मोकळे राहायलाच हवेत, तेव्हा डबा खिशात आणि आवाज बारीक.

एक सुचलंय ते ताईलाही फार आवडलं. प्रत्येक विभागाच्या पहिल्या नंबरवर बोललेली सूचना टाकायची, १०१ दाबलं की आधी ऐकू येईल, "एकशे एकपासून नाट्यपदं." मी माझ्या आवाजात करणार होते, पण हा आवाज मामीचा पाहिजे. इतकी वर्षं तो टेपरेकॉर्डरपाशी बसायचा आणि कॅसेटच्या कागदावर नावं मामीच्या अक्षरात लिहिली जायची, राग, ताल, गायक, तारीख, सगळं. आजही कॅसेट हातात घेतली की आधी तेच दिसतं, निळ्या शाईतलं, "बागेश्री, विलंबित एकताल, रेडिओ, आवाज थोडा कमी". ते आता मामाला वाचता येत नाही, तर ऐकता तरी यावं.

मामीला फोन केला. आधी म्हणाली माझा आवाज काय त्यात, घोगरा झालाय. मग हळूच विचारलं, रागाचं नाव पण सांगायचं का गं प्रत्येक वेळी? मी म्हटलं, तू कागदावर लिहिलंयस तसंच्या तसं वाच. मामा दुपारी झोपला की फोनवर रेकॉर्ड करून एकेक पाठवणार आहे. कॅसेटींची दुसरी पिशवी गुरुवारी येतेय, त्यात नाट्यसंगीताच्या जास्त आहेत असं ती म्हणाली, आणि एकीचा फेल्ट (टेप हेडला दाबून धरणारा आतला छोटा मऊ तुकडा) निघालाय, तेवढा चिकटवून घ्यावा लागेल.