मेलेल्या बकरीवरच्या अळ्या आणि काळ्या मातीतले कोष: माझा अनुभव

माशीची सगळ्यात जुनी अळी बहुतेक वेळा मढ्यावर सापडतच नाही. पोट भरलं की ती खाली उतरते आणि मातीत जाऊन कोष करते, त्याच टणक टरफलातून पुढे माशी बाहेर पडते. अळ्यांवरून मृत्यूचा काळ काढायचं काम वावरात करायचं तर निम्मी मेहनत जमिनीवर करावी लागते. हे शिकवताना फार कमी सांगितलं जातं, म्हणून सविस्तर लिहितोय.

सरावासाठी आम्ही बकरी घेतली. मेल्याची वेळ मालकाला पक्की ठाऊक असलेली आणि कातडी कुठे न फाटलेली बकरी हवी. आधी ती जनावरांच्या डॉक्टरांना दाखवायची. नाकातोंडातून न गोठणारं काळपट रक्त येत असेल तर काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) संशय धरायचा आणि हातही लावायचा नाही. गोचिडांसाठी नुकतंच औषध मारलेलं जनावरही नको, त्यावर माश्यांचं वागणंच बदलतं. वर लोखंडी सळईची चौकट आणि एक इंची वेल्ड जाळी ठेवायची. माश्या आत जातात, कुत्रे बाहेर राहतात. पण चारही कोपऱ्यांना खुंट्या खोल ठोकल्या नाहीत तर रानडुक्कर जाळी उलटवतं.

दिवसा मेलेल्या जनावरावर हिरव्या-निळ्या माश्या काही मिनिटांत येतात. आपल्याकडे मुख्यतः क्रायसोमाया मेगासेफला, क्रायसोमाया रुफिफॅसीस आणि ल्युसिलिया क्युप्रिना. नाकपुड्या, डोळ्यांचे कोपरे, तोंड, गुदद्वार इथे तांदळाच्या कणीसारखे पांढरे पुंजके दिसतात, ती अंडी. मुंगळे ती उचलून नेतात, म्हणून सकाळी पाहिलेला पुंजका दुपारी नसेल तर अंडी फुटली असं लगेच धरू नये. रात्री या माश्या सहसा अंडी घालत नाहीत. जनावर संध्याकाळी मेलं असेल तर हिशेब दुसऱ्या सकाळपासून धरावा लागतो. सार्कोफॅगा जातीची माशी मात्र अंडी न घालता थेट जिवंत अळ्याच टाकते. तिची बारीक अळी पाहून अंड्याचे तास त्यात मिळवले तर उत्तर चुकतं.

अळ्या वेचायला मऊ चिमटा आणि ओला कुंचला. डोकं, पोट, मढ्याखालची बाजू यांचे नमुने वेगवेगळे ठेवायचे आणि प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करायचे. एक भाग मारून जपायचा, दुसरा वाढवायचा. मारण्यासाठी 80 अंशांच्या वरचं पाणी लागतं. चहाच्या टपरीवरून उकळतं पाणी थर्मासमध्ये घ्यायचं आणि वावरात थर्मामीटर बुडवून खात्री करायची. अर्धा मिनिट पाण्यात, मग 80 टक्के अल्कोहोलमध्ये. जिवंत अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकली तर ती आक्रसते, काळी पडते, आणि लांबीवरून काढलेलं वय कमी येतं. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाकायची, पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. अळीची अवस्था, म्हणजे कात टाकत वाढण्याचा टप्पा, मागच्या टोकाच्या श्वासरंध्रांवरून कळते: दुसऱ्या अवस्थेत दोन चिरा, तिसऱ्या अवस्थेत तीन. साधा सूक्ष्मदर्शक पुरतो.

रुफिफॅसीसची अळी अंगावरच्या मांसल काट्यांमुळे वेगळी दिसते. मोठी झाली की ती बाकीच्या अळ्यांना खाते. मढ्यावर फक्त काटेरी अळ्या उरल्या असतील तर आधी आलेल्या मेगासेफलाचा पुरावा मातीतच शोधावा लागतो.

उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि अळ्या त्यातच शिरतात. वरची दोन-चार बोटं माती चाळून काही हाती लागत नाही. मढ्याच्या कडेपासून दर अर्ध्या मीटरवर, निदान तीन मीटरपर्यंत, सगळ्या दिशांना भेगा खुरप्याने उकलून पाहायच्या. पावसाळ्यात हीच माती चाळणीत चिकटते, तेव्हा ढेकळं बादलीत भिजवायची. रिकामी टरफलं वर तरंगतात. भरलेले कोष गाळात राहू शकतात, तो हाताने चाचपायचा. कोष आधी पांढरा असतो, काही तासांत तांबूस आणि दिवसभरात गडद तपकिरी होतो. एका टोकाचं टोपण उघडलेलं रिकामं टरफल मिळालं तर माशीची एक पूर्ण पिढी इथेच वाढून उडून गेली, आणि मढ्यावरच्या अळ्या नंतरच्या आहेत.

तापमान एकदाच घेऊन भागत नाही. सावलीतली हवा, मढ्याखालची जमीन, अळ्यांचा गोळा आणि 10 सेंमी खोल माती, सगळीकडे घ्यायचं. अळ्यांचा गोळा स्वतःची उष्णता तयार करतो, तो हवेपेक्षा 10-15 अंशांनीही गरम असू शकतो. नंतर आठ-दहा दिवस तिथेच डेटालॉगर (तापमान आपोआप नोंदवणारं यंत्र) ठेवून जवळच्या हवामान केंद्राच्या आकड्यांशी ताळा घ्यायचा. हिशेब साधा आहे. अळीला वाढायला मिळालेली उष्णता अंश-तासांत मोजतात: मर्यादेच्या वरचे अंश गुणिले तास. वाढीची खालची मर्यादा 10 अंश धरली तर सरासरी 30 अंशांच्या दिवशी 20 गुणिले 24, म्हणजे 480 अंश-तास मिळतात. डिसेंबरात सरासरी 20 असेल तर 240, म्हणजे वाढ निम्म्या वेगाने. मे महिन्यातल्या 45 अंशांना मात्र हे गणित लागू करू नये. एका मर्यादेपुढे उष्णतेने वाढ खुंटते, कातडं वाळून कडक होतं आणि अळ्या फक्त खालच्या ओल्या बाजूला राहतात. बकरी उलटवून पाहावीच लागते.

वाढवायच्या अळ्यांना शंभरामागे 150-200 ग्रॅम बकरीची कलेजी, खाली तीन इंच किंचित ओलसर रेती, वर मलमल. भांडं आतून ओलं झालं की अळ्या भिंतीवरून चढून निघून जातात. डिकीत ठेवून उन्हात नेल्या तर पोचेपर्यंत मरतात.

यातून मिळतो तो माश्या मढ्यापर्यंत पोचल्यापासूनचा कमीत कमी काळ. अहवालात तेवढंच लिहायचं. कपाशीच्या पट्ट्यात जनावर फवारणीच्या औषधाने मेलेलं असण्याची शक्यता नेहमी धरावी, कारण अशा मढ्यावर अंडी उशिरा पडू शकतात. संशय असेल तर काही अळ्या विषतपासणीसाठी वेगळ्या काढायच्या. त्या अल्कोहोलमध्ये नाही, स्वच्छ पाण्याने धुऊन कोरड्या बाटलीत, उणे 20 अंशांवर गोठवून ठेवायच्या.