सोडत फक्त गरिबांचीच का?

नागपुरात आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचे, ऑनलाइन अर्ज भरून द्यायला मी दरवर्षी बसते. या कायद्याने खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा गरीब, वंचित मुलांसाठी राखलेल्या असतात आणि त्या सोडतीने, चिठ्ठी काढून भरतात. ज्यांची मुलं भरपूर फीच्या शाळेत आहेत असे ओळखीचे लोक मला हमखास विचारतात, "ताई, श्रीमंतांची शाळा वेगळी, गरिबांची वेगळी, हे जगात सगळीकडेच आहे. मग त्या २५ टक्के जागांसाठी एवढी धडपड कशाला?" तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

सगळीकडे आहे हे खरं, पण सारखं नाही. आणि जिथे जास्त आहे तिथे बहुतेक वेळा सरकारी नियमांनीच ते वाढवलंय. चिलीत १९८१ पासून सरकार मुलामागे अनुदान देऊ लागलं, खासगी शाळांनाही. पुढे अनुदान घेऊन वर फी आकारायची मुभा मिळाली. मग जशी घरची ऐपत तशी शाळा, आणि एका वर्गात एकाच ऐपतीची मुलं. २००६ मध्ये तिथले विद्यार्थीच रस्त्यावर उतरले. २०१५ च्या कायद्याने अनुदानित शाळांतली फी आणि मुलं निवडून घेणं टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. जर्मनीत सरकारी शाळेला फी नाही, तरी बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात. फिनलंडमध्येही पूर्वी तेच होतं. ते त्यांनी १९७२ ते १९७७ मध्ये मोडलं आणि सगळ्यांसाठी नववीपर्यंत एकच शाळा केली.

मला मात्र दक्षिण कोरिया आठवत राहतो. १९६९ मध्ये सोलमध्ये माध्यमिक शाळांची प्रवेश परीक्षा बंद झाली आणि सोडत सुरू झाली. पुढे खासगी शिकवण्या आणि श्रीमंत वस्त्या यांनी तिथेही दरी पाडलीच. पण ती सोडत सगळ्यांच्या मुलांची होती. आपल्याकडे चिठ्ठी निघते ती फक्त गरिबाच्या पोराची.

त्या चिठ्ठीसाठी काय करावं लागतं ते इथल्या पांढराबोडी वस्तीतल्या एखाद्या आईसोबत बसून बघा. अर्जातल्या नकाशावरचा खुणेचा फुगा आपल्या घरावर आणून ठेवायचा, त्यावरून शाळेचं अंतर ठरतं. वस्तीतल्या गल्ल्या नकाशात धड दिसत नाहीत. ती सांगत जाते, "मंदिराच्या मागून, नळापासून डावीकडे, किराण्याच्या बाजूला", आणि मी फुगा सरकवत जाते. मग उत्पन्नाचा दाखला, वर्षाला एक लाखाच्या आतला. त्यासाठी धुण्याभांड्याची कामं बुडवून सेतू केंद्रात चकरा. एवढं करून जवळच्या ज्या शाळेच्या बसा ती रोज बघते, तिथे नंबर लागेलच असं नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत तर राज्य सरकारने नियमच बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट. शहरात अशी शाळा कुठे नसते? जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

"आमच्या मुलांवर परिणाम होईल", ही भीती तुम्ही दबक्या आवाजात सांगता. होतो ना परिणाम. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने दिल्लीच्या शाळांमध्ये तो तपासला, २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आले. गरीब मुलांसोबत शिकलेली श्रीमंत मुलं जास्त उदार निघाली, गरिबांशी भेदभाव कमी करू लागली. इंग्रजीचे गुण किंचित घसरले, एकूण अभ्यासात मात्र फारसा फरक पडला नाही. मला हा सौदा मनापासून मान्य आहे.

मला छळतो तो वेगळाच प्रश्न. हा कायदा आठवीपर्यंतचा. नववीत फी सुरू होते आणि पहिलीपासून एका बाकावर बसलेली पोरं पुन्हा वेगळी होतात. तुम्ही तुमच्या शाळेच्या पालकसभेत जाता, तिथे तुमचं ऐकलं जातं. आरटीईतून आलेल्या मुलांची नववी-दहावीची फी माफ करा, हा विषय या वर्षी तिथे काढाल का? बोलायला सोबत हवी असेल तर मी येते.